दबावगटांचा परिणाम शासनाच्या कोणत्या शाखेवर सर्वाधिक होतो?

नागरिकशास्त्र_नाशिकरोड यांचा प्रश्न

नमस्कार. मी नाशिकरोड येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. दबावगट हा घटक शिकवताना दरवर्षी एकच अडचण येते. पुस्तकात व्याख्या असते, राजकीय पक्ष सत्तेसाठी निवडणूक लढवतो आणि दबावगट ती न लढवता धोरणावर प्रभाव टाकतो हा फरक असतो, शेतकरी संघटना, कामगार संघटना, व्यापारी मंडळे अशी वर्गवारीही असते. परंतु तो प्रभाव कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ या तीन शाखांपर्यंत प्रत्यक्षात कोणत्या वाटेने पोहोचतो, हे मात्र दोन-तीन ओळींत आटोपलेले असते.

माझ्या वर्गात निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांतून येणारी मुले आहेत. मोर्चे आणि बंद पडलेले लिलाव त्यांनी स्वतः पाहिलेले आहेत. त्यामुळे त्यांचे प्रश्न पुस्तकापेक्षा अवघड असतात. एका विद्यार्थिनीने विचारले, की लासलगावला रास्ता रोको झाला तर त्याचा दिल्लीतल्या निर्णयाशी नेमका संबंध कसा जोडला जातो, आणि तो जोडला जातोच हे कशावरून मानायचे? दुसऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न न्यायालयाविषयी होता. न्यायाधीश निवडून येत नाहीत, त्यांना मतांची चिंता नसते, मग त्यांच्यावर दबाव आणणे शक्य आहे का, आणि शक्य असेल तर ते योग्य मानावे का?

या मंडळींना मी जे उत्तर दिले त्याने माझे स्वतःचे समाधान झालेले नाही. शेती, वकिली, उद्योग किंवा चळवळ यांपैकी कोणत्याही क्षेत्रातून ज्यांनी हे जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. सामान्य विधानांपेक्षा घडलेल्या गोष्टींचे दाखले मिळाले तर वर्गात अधिक उपयोग होईल.

उन्हाळ_कांदा_निफाड यांचे उत्तर

मॅडम, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे. त्याचे उत्तर शोधायचे असेल तर आधी एक गोष्ट पाहावी लागते, की ज्या निर्णयाविरुद्ध आपण रस्त्यावर उतरतो, तो निर्णय घेण्याचा अधिकार कायद्याने कोणाच्या हातात दिला आहे. कांद्याच्या बाबतीत हा अधिकार ना विधानसभेकडे आहे ना जिल्हाधिकाऱ्यांकडे. निर्यातबंदी आणि किमान निर्यात मूल्य (ज्याच्या खालच्या भावाने माल निर्यात करता येत नाही ते) यांची अधिसूचना विदेशी व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम, 1992 च्या आधारे केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाखालील विदेशी व्यापार महासंचालनालय काढते. निर्यात शुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालयाची असते. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी महासंघांमार्फत होणारी राखीव साठ्याची खरेदी ग्राहक व्यवहार मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. म्हणजे एकाच पिकावर तीन मंत्रालयांचा हात आहे, आणि त्यांतील एकाचेही नाव कृषी मंत्रालय नाही. संसदेने अधिकार दिलेले असल्यामुळे यापैकी प्रत्येक निर्णयासाठी नवा कायदा करावा लागत नाही. संध्याकाळी अधिसूचना निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिलावात भाव पडलेला असतो.

2023 आणि 2024 या दोन वर्षांचा क्रम वर्गात फळ्यावर लिहावा, अशी माझी सूचना आहे. 19 ऑगस्ट 2023 रोजी कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागले. जिल्ह्यातील लिलाव बंद पडले, आंदोलने झाली आणि काही दिवसांतच केंद्राने प्रति क्विंटल 2410 रुपये दराने आणखी दोन लाख टन कांदा खरेदी करण्याची घोषणा केली. शुल्क मात्र हटले नाही. सप्टेंबरमध्ये व्यापाऱ्यांनी पुन्हा लिलाव बंद ठेवले. ऑक्टोबरच्या अखेरीस प्रति टन 800 डॉलर किमान निर्यात मूल्य आले आणि 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. आधी 31 मार्च 2024 पर्यंत असलेली ती बंदी मार्चमध्ये पुढील आदेशापर्यंत वाढवण्यात आली. त्यानंतर 4 मे 2024 रोजी ती उठली, 550 डॉलर किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क लावून. नाशिक आणि दिंडोरी मतदारसंघांतील लोकसभेचे मतदान 20 मे रोजी होते. दिंडोरीत त्या वेळच्या केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या, नाशिकचे विद्यमान खासदारही पडले. 13 सप्टेंबर 2024 रोजी किमान निर्यात मूल्य रद्द झाले आणि शुल्क 20 टक्क्यांवर आले. दोन महिन्यांनी राज्यात विधानसभेची निवडणूक होती. उरलेले 20 टक्के शुल्क 1 एप्रिल 2025 पासून गेले.

या क्रमावरून माझे मत असे झाले आहे, की रास्ता रोकोचा परिणाम अधिसूचनेवर थेट होत नाही. त्याचा परिणाम आधी खासदार-आमदारांवर होतो, त्यांच्यामार्फत पक्षाच्या नेतृत्वावर होतो, आणि निवडणूक जवळ असेल तरच तो मंत्रालयापर्यंत पोहोचतो. ऑगस्ट 2023 मध्ये जो दबाव होता, तो मे 2024 मधल्या दबावापेक्षा कमी नव्हता. लोक तेच होते, मागणी तीच होती, फक्त दिनदर्शिका वेगळी होती.

याच जिल्ह्यात 1980 साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी संघटनेने कांदा आणि उसाच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे अडवली, तेव्हा संघटनेचा आग्रह होता की शेतीमालाचे भाव ही नैसर्गिक आपत्ती नसून ते सरकारी धोरणाचे फलित आहे. पुढच्या पिढीला त्या आंदोलनातले रस्ते आठवतात, हा युक्तिवाद कमी आठवतो. माझ्या दृष्टीने संघटनेची खरी कमाई ती होती, कारण त्यामुळे शेतकऱ्याला कळले की बोट कोणाकडे दाखवायचे.

गोदाकाठ_पंचवटी यांचे उत्तर

निफाडच्या दादांनी कार्यकारी मंडळाविषयी फार नेमके लिहिले आहे. कायदेमंडळाविषयी थोडे लिहितो, कारण अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत कार्यकर्ता म्हणून मी विधेयकाचा प्रवास जवळून पाहिला आहे.

जादूटोणाविरोधी कायद्यासाठी महाराष्ट्रात दीड दशकाहून अधिक काळ पाठपुरावा झाला. मसुदे झाले, विधेयक मांडले गेले, अधिवेशने संपली, सरकारे बदलली. या काळात विधेयकावर एकाच बाजूने दबाव नव्हता. काही धार्मिक संघटना आणि वारकरी संप्रदायातील काही मंडळी यांचे आक्षेप होते, त्यांच्याशी चर्चा झाल्या आणि मसुद्यातील कलमे अनेकदा बदलली गेली. 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबर 2013 मध्ये नागपूर अधिवेशनात विधेयक संमत झाले. जे काम इतक्या वर्षांच्या निवेदनांनी, मोर्च्यांनी आणि चर्चांनी झाले नाही, त्यासाठी एका माणसाचा जीव जावा लागला, हे लिहिताना आजही हात जड होतो. तरीही एक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगावी. त्या आठवड्यात अध्यादेश निघू शकला, कारण वर्षानुवर्षे घासून तयार केलेला मसुदा हाताशी होता. सरकारची तयारी ज्या दिवशी होते, त्या दिवशी आपला कागद तयार असणे हे दबावगटाचे मोठे काम आहे.

आपल्याकडे कायदेमंडळावरचा दबाव वेगळ्या रीतीने चालतो, त्याचे एक कारण पक्षांतरबंदी कायद्यात आहे. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते, अशी तरतूद झाली. अमेरिकेत प्रतिनिधी अनेकदा पक्षाच्या विरुद्ध मत देतो, म्हणून तेथील गट एकेका सदस्याच्या कार्यालयात जाऊन त्याचे मत वळवण्याचा प्रयत्न करतात. आपल्याकडे आमदाराला पटवले तरी मतदानाच्या वेळी तो पक्षादेशाने बांधलेला असतो. त्यामुळे दबाव पक्षश्रेष्ठींकडे सरकतो. आमदाराचा उपयोग वेगळ्या ठिकाणी होतो. तो तारांकित प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी सूचना मांडू शकतो, मंत्र्याकडून सभागृहात उत्तर नोंदवून घेऊ शकतो, आणि ते उत्तर पुढे न्यायालयात किंवा आंदोलनात उपयोगी पडते. अर्थात या प्रश्नांचाही बाजार मांडला गेलेला आहे. संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल डिसेंबर 2005 मध्ये 11 खासदारांचे सदस्यत्व रद्द झाले. दबाव आणि लाच यांच्यामधली रेषा विद्यार्थ्यांना याच प्रकरणावरून दाखवता येईल.

संसदेच्या समित्या हे आणखी एक ठिकाण आहे. तेथे संघटनांना लेखी निवेदन देता येते, कधी प्रत्यक्ष साक्षही देता येते. गोंगाटाविना कलमाचा शब्द बदलण्याची तीच जागा आहे, म्हणून विधेयके समितीकडे न जाता थेट मंजूर होतात तेव्हा मला सर्वाधिक खंत वाटते. सप्टेंबर 2020 मध्ये संमत झालेले तीन कृषी कायदे कोणत्याही समितीकडे गेले नाहीत. जे आक्षेप समितीच्या खोलीत नोंदले गेले असते, ते दिल्लीच्या सीमांवर वर्षभर थंडी-पावसात नोंदले गेले. पुढे 29 नोव्हेंबर 2021 रोजी ते कायदे मागे घेण्याचे विधेयकही लोकसभेत चर्चेविना मंजूर झाले. कायदा करताना आणि मागे घेताना, दोन्ही वेळा सभागृहाने शेतकऱ्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची संधी गमावली, असे माझे स्पष्ट मत आहे.

वकील_शरणपूर यांचे उत्तर

मॅडम, आपल्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. न्यायालयावर मोर्चा नेऊन दबाव आणणे योग्य नाही आणि ते कायद्याच्या कक्षेतही बसत नाही. परंतु न्यायालयासमोर कोणता प्रश्न जावा, कोणत्या मांडणीत जावा, सोबत कोणता पुरावा असावा, हे संघटना ठरवू शकतात. न्यायाधीश स्वतःहून विषय फार क्वचित हाती घेतात. बहुतेक वेळा कोणीतरी दार ठोठवावे लागते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जनहित याचिकेची वाट मोकळी झाली आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो स्वतः येऊ शकत नसेल, तर त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला अनुच्छेद 32 किंवा 226 खाली येता येऊ लागले. वेठबिगारांसाठी बंधुआ मुक्ती मोर्चाने आणलेले प्रकरण, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविषयीचा 1997 चा विशाखा निकाल, उमेदवारांना गुन्हेगारी पार्श्वभूमी जाहीर करायला लावणारा 2002 चा निकाल, निवडणूक रोखे रद्द करणारा 15 फेब्रुवारी 2024 चा निकाल, ही सर्व प्रकरणे संघटनांनी चिकाटीने चालवलेली आहेत. विशाखा निकालानंतर कायदा व्हायला 2013 साल उजाडले. म्हणजे न्यायालयातून मिळालेले यश शेवटी कायदेमंडळापर्यंत न्यावे लागते.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. गंगापूर आणि दारणा धरणसमूहांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचा वाद नाशिककरांना नवा नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, 2005 मध्ये समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व आहे. मराठवाड्यातील संघटनांनी त्या कलमाचा आधार घेऊन प्राधिकरणाकडे आणि उच्च न्यायालयात धाव घेतली. नाशिक-नगरकडच्या संस्था आणि साखर कारखाने विरुद्ध बाजूने उभे राहिले. प्राधिकरणाने सप्टेंबर 2014 मध्ये आदेश दिला, 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले, आणि जायकवाडीचा साठा ऑक्टोबरच्या मध्यास 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो, हे सूत्र रूढ झाले. नाशिकमध्ये यावर संताप होतो, तो मी समजू शकतो. पण अभ्यासक म्हणून पाहिले तर मराठवाड्याच्या संघटनांनी 2005 च्या कायद्यातील एक कलम शोधून त्याला जिवंत केले. आपल्याकडच्या नेत्यांनी त्या वेळी धरणावर आंदोलने केली. युक्तिवाद मात्र कलमावर झाला, आणि निकालही कलमावरच लागला.

न्यायालयात दोन गट समोरासमोर येतात आणि तिसरी शाखा मध्ये पडते, याचे उदाहरण वनहक्क कायद्याचे, म्हणजे वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना तिच्यावर हक्क देणाऱ्या कायद्याचे आहे. 2008 पासून काही वन्यजीव संस्थांनी या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले होते. 13 फेब्रुवारी 2019 रोजी न्यायालयाने ज्यांचे दावे फेटाळले गेले आहेत त्यांना वनजमिनीवरून हटवण्याचे निर्देश राज्यांना दिले. देशभरातील आदिवासी संघटना उठल्या. केंद्र सरकारने स्वतः न्यायालयात जाऊन फेरविचाराची विनंती केली आणि 28 फेब्रुवारीला त्या निर्देशांना स्थगिती मिळाली. येथे संघटनांनी न्यायाधीशांवर दबाव आणला नाही. त्यांनी सरकारवर दबाव आणला आणि सरकार पक्षकार म्हणून न्यायालयात गेले. हा मार्ग पूर्णपणे घटनात्मक आहे.

त्याच्या आदल्या वर्षी असेच आणखी एक उदाहरण घडले. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात 20 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील अटकेवर अटी घातल्या. 2 एप्रिलला भारत बंद झाला, त्यात अनेकांचे प्राण गेले. ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती करून मूळ तरतूद परत आणली आणि 1 ऑक्टोबर 2019 रोजी न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले. आपल्या विद्यार्थ्याला तिन्ही शाखा एकाच प्रकरणात पाहायच्या असतील तर यापेक्षा चांगले प्रकरण मला सुचत नाही.

मर्यादाही सांगतो. न्यायालय आदेश देते, अंमलबजावणी मात्र कार्यकारी मंडळाकडेच राहते. शिवाय जनहित याचिकेसाठी वकील, कागदपत्रे आणि वर्षानुवर्षे थांबण्याची ताकद लागते. गोदावरीच्या प्रदूषणाबाबत नाशिकच्या नागरिकांनी उच्च न्यायालयात याचिका केली, न्यायालयाने वेळोवेळी निर्देश दिले, तरी नदीची अवस्था पंचवटीत राहणाऱ्यांना ठाऊक आहे.

डोंगरवाट_सुरगाणा यांचे उत्तर

वकील साहेबांनी वनहक्काचा विषय काढला म्हणून लिहीत आहे. वनहक्क कायदा 2006 साली झाला, नियम 2008 साली आले. कायदेमंडळाचे काम तेथे संपले. त्यानंतर दहा वर्षांनी, 6 मार्च 2018 रोजी, सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर या भागांतील हजारो माणसे किसान सभेच्या झेंड्याखाली नाशिकच्या सीबीएस चौकातून मुंबईकडे पायी का निघाली, याचे उत्तर त्या दहा वर्षांत आहे. कायदा आपल्या बाजूने होता. अडकले होते ते दावे, उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समित्यांमध्ये. कोणाचा पुरावा अमान्य होत होता, कोणाला कसत असलेल्या जमिनीपेक्षा कमी क्षेत्र मंजूर होत होते. म्हणून मागणी नव्या कायद्याची नव्हती, असलेला कायदा राबवण्याची होती.

12 मार्चला मोर्चा आझाद मैदानात पोहोचला. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून लोक आदल्या रात्री न झोपता चालत राहिले, आणि त्या एका निर्णयामुळे मुंबईकर पाणी, बिस्किटे, चपला घेऊन रस्त्यावर आले. दबावगटाविषयीच्या पुस्तकात जनमत हा शब्द येतो, तो त्या पहाटे आम्ही पाहिला. शासनाने मंत्र्यांची समिती नेमली, चर्चा केली आणि वनहक्क दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचे लेखी आश्वासन दिले.

वेळेची निवडही विचारपूर्वक होती. मार्चमध्ये मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशन चालू असते, विरोधी पक्षाला सभागृहात विषय मांडता येतो आणि मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते. मार्च 2023 मध्ये दिंडोरीहून आणखी एक लाँग मार्च निघाला, तोही अधिवेशनाच्या काळातच. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत निवेदन केले, कांद्याला प्रति क्विंटल 350 रुपये अनुदान जाहीर झाले आणि मोर्चा ठाणे जिल्ह्यात वाशिंदजवळ थांबला.

परंतु घोषणेनंतर शासन निर्णय निघतो आणि खरी परीक्षा तेथे होते. अनुदानाला 200 क्विंटलची मर्यादा आणि सातबाऱ्यावर कांद्याच्या नोंदीची अट होती. ज्याची नोंद नव्हती, त्याने कांदा विकल्याची पट्टी, म्हणजे पावती, हातात असूनही पुन्हा तलाठी कार्यालयाच्या फेऱ्या मारायच्या. माझा अनुभव असा आहे, की मुख्यमंत्र्यांचे आश्वासन मिळवायला सात दिवस चालावे लागते आणि त्या आश्वासनातून कागद हातात पडायला कित्येक वर्षे. वर्गात शासनाच्या तीन शाखा शिकवताना कार्यकारी मंडळ म्हणजे केवळ मंत्रिमंडळ असे कृपया सांगू नये. तलाठी, वनरक्षक, तहसीलदार हेही कार्यकारी मंडळच आहे, आणि गरीब माणसाला सर्वाधिक दबाव तेथेच आणावा लागतो.

अंबड_वसाहत यांचे उत्तर

येथे आतापर्यंत आंदोलनांची चर्चा झाली. उद्योजकांचे काम बहुधा रस्त्यावर दिसत नाही. निमा आणि आयमा या नाशिकच्या उद्योजक संघटना, महाराष्ट्र चेंबर यांसारख्या संस्था निवेदने देतात, पालकमंत्र्यांसोबत बैठका घेतात, वीजदराच्या सुनावणीत वीज नियामक आयोगासमोर हरकती मांडतात. अर्थसंकल्पापूर्वी अर्थ मंत्रालय उद्योग, शेती आणि कामगार संघटनांना चर्चेला बोलावते. आमच्या दृष्टीने उपयोगी ते, ज्यात आकडे आणि नेमकी दुरुस्ती लिहून दिलेली असते.

एक उदाहरण मालेगावशी निगडित आहे. कापडावरील वस्तू व सेवा कर 1 जानेवारी 2022 पासून 5 वरून 12 टक्के होणार होता. यंत्रमागधारक आणि कापड व्यापारी यांच्या संघटनांनी देशभर विरोध केला, काही राज्यांनी तो वस्तू व सेवा कर परिषदेत मांडला आणि 31 डिसेंबर 2021 च्या बैठकीत परिषदेने ती वाढ पुढे ढकलली. ना संसद बसली होती, ना न्यायालय. राज्यांचे अर्थमंत्री ज्या टेबलाभोवती बसतात तेथे दबाव पोहोचला.

मात्र एक उणीव मी उद्योजक असूनही मान्य करतो. अमेरिकेत 1995 च्या कायद्याने अशा पाठपुराव्याची नोंदणी करावी लागते; कोणाच्या वतीने कोण भेटले आणि त्यावर किती खर्च झाला, हे लोकांना पाहता येते. आपल्याकडे तसा कायदा नाही. लाँग मार्च कोणी काढला हे सर्वांना दिसते. बंद खोलीतील बैठक कोणी मागितली, हे दिसत नाही. नोंदणी झाली तर प्रामाणिक संस्थांचे काहीही बिघडणार नाही.

नागरिकशास्त्र_नाशिकरोड

सर्वांचे मनापासून आभार. इतके सविस्तर लिहिल्याबद्दल खरोखर ऋणी आहे. एक शंका उरते. आतापर्यंतची सर्व उदाहरणे संघटित लोकांची आहेत. ज्यांची संघटनाच नाही, त्यांचे म्हणणे कोणत्या शाखेपर्यंत आणि कसे जाते? वर्गात हा प्रश्न नक्की येणार आहे.

येवलेकर यांचे उत्तर

ताई, असंघटितांमध्येही दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांपासून फार दूर आहेत. कांद्याच्या बाबतीत सर्वांत प्रबळ दबाव शहरी ग्राहकाचा आहे. त्याची संघटना नाही, मोर्चा नाही, निवेदन नाही. तरीही 1998 मध्ये दिल्लीच्या विधानसभा निवडणुकीत महाग कांद्याचा मुद्दा सत्ताधाऱ्यांना भोवला आणि तेव्हापासून प्रत्येक सरकार किरकोळ भाव वाढताच धास्तावते. निफाडच्या दादांनी दिलेल्या तारखांमध्ये शेतकऱ्याच्या दबावाइतकाच हा न बोललेला दबाव वाचता येतो. सरकार ग्राहकाच्या वतीने स्वतःच विचार करते, कारण तो संख्येने मोठा आहे आणि मत देतो.

दुसऱ्या प्रकारात खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बाया येतात, पेठ-सुरगाण्याहून द्राक्षबागांच्या छाटणीला येणारे मजूर येतात. त्यांच्या वतीने कोणी विचार करत नाही. बाजार समितीच्या संचालक मंडळात शेतकऱ्यांचे, व्यापाऱ्यांचे आणि हमाल-मापाऱ्यांचेही प्रतिनिधी असतात. हमालांना ती जागा मिळाली, कारण त्यांनी संघटना बांधली. 1969 चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून आला. एप्रिल 2024 मध्ये हमाली, तोलाई आणि वाराई (माल हाताळण्याची व तोलण्याची मजुरी) यांच्या कपातीवरून आपल्या जिल्ह्यात लिलाव बंद पडले, तेव्हा वाद घालणारे तिन्ही पक्ष टेबलावर हजर होते. त्या दिवसांत खळ्यावरच्या बायांची रोजंदारी बुडाली, आणि त्या टेबलावर त्यांची खुर्चीच नव्हती.

असंघटितांसाठी मोठा कायदा झाल्याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 1972 च्या दुष्काळात लाखो लोक खडी फोडायला गेले आणि त्यातून 1977 चा रोजगार हमी कायदा उभा राहिला. त्यामागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्यासारखा माणूस सभागृहाच्या आतच होता, हे महत्त्वाचे. बाहेरून कोणी दार ठोठवू शकत नसेल, तर आतून उघडणारे कोणी तरी असावे लागते, आणि अशी माणसे प्रत्येक काळात मिळत नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी, की खळ्यावर काम करणाऱ्या महिलांची नोंदणी माथाडी मंडळाच्या धर्तीवर व्हावी आणि लिलाव बंद राहिल्यास त्यांच्या बुडालेल्या मजुरीचा विचार बाजार समितीने करावा. लासलगाव, पिंपळगाव, येवला येथील समित्यांपुढे हे निवेदन न्यायचे झाल्यास मी सोबत यायला तयार आहे. वकील साहेबांनी कायद्याचे कलम पाहून मसुदा करून दिला, तर काम लवकर सुरू होईल.